चाळीस माश्यांची टोचणी

— कोनं सांगितलं तुमाले? साऱ्या गावानं? बाप्पा! सकाळपासून चावडीपुढं लिंबाखाली पेटी मांडून बसले तुमी, अन् पटकीची सुई टोचून घ्याले एकबी मानूस नाही आला, अन् ज्याले इचारलं तो म्हनते, 'आमाले मोहोळाच्या माश्या चावल्या, आमाले सुईचं काय काम?' — अन् हे माश्यायचं कोनं काढलं म्हटलं का समदे बोट दाखवतात ते आमच्या घराकडं. बरं. दाखवू द्या. बोट दाखवाले काय लागते? बसा डाक्टरसाहेब, त्या बाजीवर बसा. पानी देऊ? उकळेल हाय का म्हनता? हाय नं, उकळेलच हाय — म्हंजे सकाळी चुलीवर होतं — चुलीजवळ होतं. बरं, नोका पिऊ. मी कायले खोटं बोलू? इंझोरीत कोनालेबी इचारा, गिरजाबाई खोटं बोलत नाही. वेळ पडली तरच.

आमच्या घरचे? तुमच्या कागदावर जानराव असंल लिवलं. हं, तेच. मी नाव नाही घेत त्यायचं, गाव काय म्हनते ते सांगून राह्यली. ते घरी नाहीत. कुठी गेले ते मांगून सांगतो. सासूबाईबी नाहीत, लेकीकडं गेल्या किन्हीराजाले. आता तुमाले कोनी सांगितलं असंल का हा मानूस सुईले भेते, तं तुमाले वाटंल, भेकड असंल. भेकड? अवो, मांगच्या सालात मोटेच्या थारोळ्यात नाग निंघाला, हा एवढा — बैल बुजले, गडी पळाला, अन् यायनं काय केलं? हातानं शेपूट धरली, गरगर फिरवला अन् दिला नाल्यापल्याड फेकून. वर मले म्हनतात, 'भाकर आन.' कस्तुराबाईची बकरी इहिरीत पडली, तं दोर नाही का काही नाही, कपारीत बोटं घालत घालत खाली उतरले, अन् बकरी मानेवर घेऊन वर आले. अन् पानी? बैल पेते तिथीच ओंजळ लावतात. म्हटलं, अवो, पटकी होईन. तं म्हनतात, 'पानी तं चांगलं दिसून राह्यलं. काय हाय त्यात?' असा मानूस. अन् सुई म्हटली का कपाळाले घाम! मी गोधडी शिवाले बसली तं हे उठून अंगनात जाऊन बसतात.

काहून असं होते? मी लय इचार केला याचा — वांगे निंदता निंदता मानूस दुसरं काय करंल? मले तं असं वाटते डाक्टरसाहेब, साप त्याच्या मनानं येते, इहिरीत मानूस आपल्या पायानं उतरते, पन सुई असते दुसऱ्याच्या हातात. अन् तो दुसरा म्हनते, 'तिकडं पाहा, काही नाही होत.' तुमीबी म्हनता नं? म्हनत नोका जाऊ. काही नाही होत म्हटलं का मानसाले वाटते, लयच काही होत असंल. अन् आनखी एक गोष्ट हाय. हे सांगू नोको म्हनतात, पन सांगतो. पिलेगाच्या सालात सरकारचा मानूस आला, माह्या सासऱ्यायले टोचलं, अन् तिसऱ्या दिवशी सासरे गेले. सासूबाई सांगतात का काखेत गाठ आधीच आली होती, बंडीखाली झाकून टोचाले गेले होते. पन हे तवा दहा वर्साचे. यायनं काय पाह्यलं? सुई पाह्यली अन् मंग तिरडी पाह्यली. मधातली गाठ कोनं दाखवली त्यायले? कोनीच नाही.

मी? मी तं घेतली नं गेल्या साली. एकदा नाही, दोनदा! शहानी हाय म्हनून? कायची शहानी! ते कस्तुराबाई हाय नं बकरीवाली, शेजारची, ते म्हने, 'गिरजीच्यानं काय होते, ते तं काटा रुतला तरी आळी डोक्यावर घेते.' मले असा राग आला का तशीच गेली चावडीवर, दंड पुढं केला, अन् सुई कवा गेली ते समजलंच नाही. रागात मानसाले दुखत नाही, हे तुमच्या पुस्तकात लिवलं का? लिवून ठेवा. — अन् दुसऱ्यांदा काहून? कस्तुराबाई म्हने, 'पाह्यलं कोनं?' मंग तिले हाताले धरून नेलं अन् तिच्यासमोर दुसऱ्या दंडावर घेतली. तो सुईवाला म्हने, 'बाई, तुमी कालच येऊन गेल्या नं?' म्हटलं, 'ते माही बहीन.' दोन दिवस ताप आला, दोन्ही हात कोहळ्यावानी सुजले, पन कस्तुराबाईचं तोंड पाहाले मिळालं. मंग तिनंबी घेतली, रुख्मिणीनं घेतली, माह्या सासूबाईनं घेतली — साठ वर्साची म्हातारी, घरोघरी जाऊन दंड दाखवे. गावातल्या अर्ध्या बाया हट्टापायीच टोचून आल्या. पटकीचं कोनाच्या ध्यानातबी नोतं.

माश्यायचं सांगतो नं, तिकडंच चालली. मांगच्या चैतात पोहरादेवीची जत्रा भरली. आमच्या मळ्यात टरबुजं असे पिकले होते का जत्रेत नाही नेले तं जागीच सडतीन. अन् जत्रेत शिराचं तं नाक्यावर टोचल्याची चिठ्ठी दाखवाची — तुमचाच कायदा. मी म्हटलं, टोचून घ्या. 'पाहू,' म्हने. सासूबाई म्हनल्या, टोचून घे. 'पाहू.' अन् निंघाच्या दिवशी पाहतो तं गडी खुशीत शीळ वाजवत टरबुजं भरून राह्यला! मले काय मालूम, देव्हाऱ्यात आमच्या सासू-सुनेच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, त्यातली वरची एक यायनं उचलली अन् बंडीच्या खिशात घातली. वाचता तं येत नाही. चिठ्ठी ते चिठ्ठी.

पुढचं सारं मले शालिकरामनं सांगितलं. शालिकराम म्हंजे यायचा चुलतभाऊ, गाडीवर संगं होता. यायनं सोता कधीच सांगितलं नसतं. नाक्यावर शिपायानं चिठ्ठी घेतली, उलटी केली, सुलटी केली, अन् मोठ्यानं वाचली — 'प्रयागबाई. वय वर्स साठ. कोन हाय प्रयागबाई?' प्रयागबाई आमच्या सासूबाई! अन् हे म्हनतात, 'मीच.' शिपायानं वर पाह्यलं. एवढाल्या मिशा! म्हने, 'तू प्रयागबाई?' हे म्हनतात, 'आमच्यात मानसायचंबी ठेवतात हे नाव.' — 'अन् साठ वर्स?' — 'मळ्यातली भाजी खाल्ली का मानूस जवान राह्यते. टरबूज कापू का एखांदं?' — अवो, हासता काय, शिपाईबी असाच हासला, हासता हासता खाली बसला. पन तिथला डाक्टर नाही हासला. त्यानं यायचा दंड धरला, बाही सारली अन् तेच म्हटलं — 'तिकडं पाहा, काही नाही होत.'

झालं! यायनं तिकडं पाह्यलं ते थेट रस्ताच पाह्यला. गाडीच्या जुवावरून उडी, बांगड्याच्या दुकानातून आरपार, एका महाराजाची पंगत बसली होती तिच्या मधातून, अन् नाल्याच्या काठी वडाचं झाड होतं त्यावर सरसर सरसर. मांगून दोन शिपाई. हे वर, आनखी वर, एकदम शेंड्याले. अन् शेंड्याले काय होतं? आग्या मोहोळ.

चाळीस! सासूबाईनं एक एक काटा काढता काढता मोजले. शालिकरामनं यायले गाडीत टरबुजायच्या मधात निजवून आनलं, म्हने, 'वहिनी, टरबूज कोनतं अन् भाऊ कोनता, रस्ताभर समजत नोतं.' सासूबाईनं दारातून पाह्यलं अन् मले म्हनतात, 'कोन पाव्हना आनला वो?' पोटचा पोरगा! एका सुईले भेले अन् चाळीस घेऊन आले. 

गाव हासलं. हासनारच नं? मीबी हासली, खोटं कायले बोलू — पदर तोंडात घालून हासली, भितीआड जाऊन. पन गाव काही थांबेना. सूज उतरली तरी थांबेना. हे चावडीवर गेले का, 'या प्रयागबाई, बसा प्रयागबाई.' उत्तमराव तं लुगडंच घेऊन आला. मंग यायनं चावडी सोडली. मंग बाहीर निंघनं सोडलं. दिवसभर वांग्याच्या वाफ्यात गावाकडं पाठ करून बसत. अर्धी भाकर ताटात तशीच. मानूस रागावला तं मी भेत नाही, ओरडला तरी भेत नाही, पन गप बसला का मंग मी भेतो. आठ दिवस असे गेले, अन् मी इहिरीवर पान्याले गेली, तं कस्तुराबाई साऱ्या बायायसमोर म्हनते, 'काय वो गिरजे, तुह्या सासूची सूज उतरली का?' — सासूची म्हंजे समजलं नं? यायची. साऱ्या खदाखदा हासल्या. अन् माह्या तोंडातून —

नाही, काही नाही. असंच. लोकं बोलतात काहीबाही. माश्यायचं तिथून... कोनीतरी बोललं असंल.

असे पाहू नोका डाक्टरसाहेब. बरं. मीच बोलली. कसं निंघालं तोंडातून, देवाले मालूम. म्हटलं, 'हासा बाई, हासा. नाक्यावर नागपूरचा मोठा डाक्टर होता, त्यानं यायचे काटे पाह्यले अन् हात जोडले. म्हने, या मानसाले आता सुईचं काम नाही. माशीचा काटा म्हंजे देवाची सुई. पाच काटे म्हंजे एक टोचनी. तुमाले चाळीस लागले, आठ जनम पटकी जवळ नाही येत.' — अन् कस्तुराबाई गप! जनमात पह्यल्यांदा गप! तुमाले काय सांगू, इतका आनंद मले माह्या लग्नातबी नोता झाला.

मले वाटलं, बाया आयकतीन अन् इसरतीन. अवो, दिवस बुडाच्या आंदर साऱ्या गावात! दुसऱ्या दिवशी उत्तमराव — तोच लुगडंवाला — बाभळीवरच्या मोहोळात हात घालून आला, चार हाताले लागल्या अन् पाचवी ओठाले, महिनाभर सिटी वाजवल्यावानी बोले. रामरावनं आगपेटीत एक माशी धरून आनली अन् पोटाले लावून बसला, तिनं काही केलं नाही, तं म्हने, 'मले गरजच नसंल, म्हनून नाही चावली.' किन्हीराजाहून पाव्हने आले, पोरीसाठी नाही, माश्यासाठी! तुमाले वाटते, माशी चावली तं दुखत नाही? सुईपेक्षा लय दुखते. पन माशी आपल्या नाल्यावरची, अन् सुई सरकारची. 

अन् आमचे हे? ओट्यावर बसू लागले फेटा बांधून! लोकं येत, सूज दाखवत, अन् हे दाबून पाहत — 'दोन लागल्या. आनखी तीन पायजे. पाठीवर घे, पाठीवर जोर जास्त राह्यते.' मले इचारता का, हे त्यायले खरं वाटत होतं? अवो, त्यायनंच मले सांगितलं! घरी आले अन् म्हनतात, 'गिरजे, तुले मालूम हाय का, नाक्यावर नागपूरचा डाक्टर होता, तो म्हने...' मी म्हटलं, 'असं का?' म्हटलं, 'तुमी नाही पाह्यला का तो?' तं म्हनतात, 'माहे डोळे-कान सुजले होते नं, मले आयकू नसंल आलं.' दोन भाकरी खाल्ल्या त्या दिवशी. तिसरी मांगितली. आता तुमीच सांगा, तिसरी भाकर मांगनाऱ्या मानसाले मी काय सांगाचं होतं?

हासा, हासून घ्या. मीबी वर्सभर हासली. आता नाही हासत.

नाल्यापल्याड सोमलाचा तांडा हाय नं — हो, त्याच्यासाठीच तं आले तुमी. परवापासून तिथी पटकी लागली. काल सकाळी सोमलाची माय धनीबाई गेली, आनखी चार जन पडले हायत. गावातलं कोनी नाल्याकडं तोंडबी नाही करून राह्यलं. अन् सोमला यायचा जुना दोस्त, यायची बैलजोडी त्यानंच पारखून देल्ली. तं काल हे उठले, आमच्या मोटेच्या पान्याच्या दोन घागरी कावडीले लावल्या अन् निंघाले. म्हटलं, कुठी? म्हने, तांड्यावर. मी दारात आडवी झाली. म्हटलं, नोका जाऊ. तं हासले डाक्टरसाहेब. म्हनतात, 'भेतं कायले? मले चाळीस लागल्या हायत. बाकीच्यायनं भ्यावं. मीच नाही गेलो तं कोन जाईन?'

मी तोंड उघडलं होतं. 'अवो, ते माश्यायचं —' इथपोतर म्हटलंबी होतं. एक शबुद राह्यला होता. पन ज्या मानसाले गाव प्रयागबाई म्हने, तो असा ताठ मानेनं उभा होता... तुमी म्हनान, दया आली तुले. नाही. दया नोती ते. लाज होती. मी खोटी पडन, कस्तुराबाई हासंल, हे मले वाईट म्हनतीन — इतकंच आलं मनात. पटकीची भीती तं मांगून आली, ते नाला उतरून पल्याड गेले तवा. अन् मंग आली ते अशी आली का कालपासून चूल नाही पेटवली मी. काल गेले, अजून घरी नाहीत. तुमी दारात दिसले तं मले वाटलं, सांगावाच घेऊन आले. हे मी आतापोतर कोनाले —

काय झालं? उठले काहून? माह्यामांगं काय पाहून राह्यले?

... कोन हाय कुडाच्या टाटीआड?

अवो! तुमी कवा आले? ... अन् तिथीच उभे? कुठून आयकलं? ... नागपूरच्या डाक्टरपासून?

पाहू नोका असं. हो. नोता कोनी हात जोडनारा डाक्टर. नाही म्हनतो नं — नागपूरचा नाही, अकोल्याचा नाही, कोनताच नाही. मी होती. इहिरीवर. ... नाही, माश्यायनं नाही राखलं तुमाले. माश्यायचं काही काम नाही त्यात. देवानं राखलं, दुसरं काय. — बसा. बसा खाली. डाक्टरसाहेब, जागा द्या त्यायले. हे पाहा, बाजीचा काठ कसा गच्च धरून बसले! काल धनीबाईले खांदा देल्ला म्हनतात, लोकायच्या ओकाऱ्या धुतल्या, तवा नाही भेले, अन् आता घरच्या बाजीवर बसून भेऊन राह्यले. होते असं? भीती अशी मांगून येते? ... हे इचारतात डाक्टर, तिथलं पानी पेले का तुमी? नाल्याचं? ... नाही म्हनतात. तांड्यावाल्यायले देल्लं तेच आपल्या मोटेचं पेले. भाकर? ... भाकर नाही खाल्ली. कालपासून उपाशी! बाप्पा, नाही खाल्ली तेच बरं झालं.

शिव्या द्या मले. द्या नं. गप नोका बसू.

आँ? हे काय करून राह्यले? डाक्टरसाहेब... पाहा... बाही सारून राह्यले ते. सोताच्या हातानं! बोलू नोका. काहीच बोलू नोका. पेटी उघडा, हळू. 'तिकडं पाहा' म्हनसान तं पाहा मंग! दुखते म्हना. हो, सांगा नं — दुखते, हात सुजते, दोन दिवस ताप येते. खरं सांगा, या घरात खोटं लय झालं. ... काय म्हनता? पाहूनच घेतो म्हनतात. सुईकडं पाहूनच. बरं पाहा. मी हात धरू? नोको? बरं, नाही धरत. पाहा, पाहा, लहानशी तं —

धरा! धरा डोकं! माय वो!

... पडले. आडवेच झाले. — थांबले काहून तुमी? टोचा! हो म्हटलं होतं त्यायनं, बाही कोनं सारली? मी साक्षीदार. टोचा, पडले हायत तवरच टोचा! ... झालं? इतकंच? बाप्पा, इतक्याशासाठी मानूस वडावर चढला.

किती दिवसानं लागू होते हे? ... आठ दिवस? आजच्या आज नाही? ... आठ दिवस. बरं. मंग आठ दिवस मी त्यायच्या अंगाजवळची हालत नाही. सोमलासाठी जीव ओढंल त्यायचा, पन आता तिकडं तुमी हाय नं. सांगा सोमलाले, का जानराव — घ्या, निंघालंच तोंडातून नाव — का हे आठ दिवसानं येतीन. अन् दुपारून चावडीपुढं पेटी मांडा, येतीन लोकं. मी आता इहिरीवर जातो. या वेळी साऱ्या बाया तिथी असतात, कस्तुराबाईबी असते. सारं सांगतो, पह्यल्यापासून, मोठ्यानं. हासतीन. मले काय नाव ठेवतीन कोन जाने. हासू द्या. हासता हासता बाह्या तं सारतीन.

पापनी हालली! पाह्यलं? शुद्धीवर येऊन राह्यले ते. उठा, उचला ते पेटी — अवो, हे भले मानूस हायत पन हात लय जड हाय त्यायचा — मांगच्या दारानं जा, वांग्यातून जा, जा म्हटलं नं, पळा!